पट्टी म्हणजे चप्पल नव्हे

आईचे पाय धुवायची वेळ म्हणजे ऊन अंगणातून उठून भिंतीवर चढायची वेळ. मी दवाखान्यातून आलेली असायची, आई कडुलिंबाखालच्या बाजेवर पाय सोडून बसलेली असायची आणि आमच्या मध्ये कोमट पाण्याचं घमेलं. पाणी किती कोमट आहे ते मी कोपर बुडवून बघायची, कारण आईच्या पायांना ते सांगता येत नव्हतं. मग एकेक पाऊल पाण्यात. लिंबाच्या पानांतून येणारं ऊन पाण्यावर हलायचं, तिथून आईच्या घोट्यावर यायचं, तिथून माझ्या मनगटावर. माझ्या काचेच्या बांगड्या घमेल्याच्या काठाला लागून किणकिणायच्या. आई डोळे मिटून घ्यायची. कधीकधी वाटायचं, आपण दोघीही झोपेत आहोत आणि हे पाय कुणा तिसऱ्याच बाईचे आहेत.

परभणीकडच्या बोरीपासून थोडं आत आमचं गाव. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. गावच्या आरोग्य केंद्रात मी नर्स आहे, पण कंत्राटी. दरवर्षी माझी नोकरी संपते, मध्ये थोडा खंड पडतो आणि मग नवी ऑर्डर येते. हा प्रकार आईच्या पचनी कधी पडलाच नाही.

"त्याच खुर्चीवर बसतीस, त्याच सुया टोचतीस. मंग नोकरी जाती कुठं आन् येती कुठून?" ती विचारायची.

याचं उत्तर ज्यांच्याकडे असायला हवं होतं ते फोन उचलत नव्हते. एका वर्षी आम्ही सगळ्या कंत्राटी बायांनी परभणीत मंडप टाकला, घोषणा दिल्या, घसे बसवून घेतले आणि आश्वासन घेऊन घरी आलो. त्या शनिवारी आई वेशीवरच्या मारुतीला गेली आणि येताना चप्पल हातात घेऊन आली. "पोरगी पर्मनंट झाल्याबिगर पायात चप्पल घालणार न्हाई," असं ती देवाला बोलून आली होती. चप्पल तिने धुतली, पुसली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून फळीवर ठेवली. सरकारचं काम मारुतीवर सोपवून ती निश्चिंत झाली.

मी मात्र भडकले. आईला शुगर होऊन बरीच वर्षं झाली होती. आणि केंद्रात शुगरच्या पेशंटना ओळीने बसवून "अनवाणी फिरू नका, रोज तळवे बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा" असं दर आठवड्याला ओरडून सांगणारी बाई मीच. एकदा ओळीतले एक म्हातारे काका शांतपणे म्हणाले, "शिस्टर, आदी घरून सुरू करा की." सगळी ओळ हसली. मीही हसले, आणि घरी येऊन भांडी आदळली.

पण नवस मोडायचा कसा? मोडायला लावणाऱ्यालाच त्याचं पाप लागतं असं आमच्याकडे मानतात, आणि माझ्या डोक्यावर पाप येऊ देईल ती माझी आई कसली. माझ्या ओरडण्यावर ती एवढंच म्हणायची, "तुझं काम तू कर, माझं मी करायले."

आधी आधी तिच्या पायांची आग व्हायची. संध्याकाळी ती तळवे ओल्या फरशीला टेकवून बसायची, मुंग्या आल्या म्हणायची. हळूहळू ते बोलणं बंद झालं. मग मे महिन्यातल्या एका शनिवारी मी तिच्याबरोबर मारुतीला गेले. देवळाभोवतीची शहाबादी फरशी तव्यासारखी तापली होती. बाया चवड्यांवर उड्या मारत प्रदक्षिणा घालत होत्या. आणि आई डोक्यावर पदर घेऊन, नदीच्या पाण्यातून चालावं तशी सावकाश चालली होती. उन्हाच्या झळांत तिच्या पायाखालची फरशी हलत असल्यासारखी दिसत होती. एक बाई पुढे होऊन तिच्या पाया पडली.

"मला ऊनच लागंना आता," आई मला म्हणाली. "खडा न्हाई, काटा न्हाई. नवस पावायलाय बग."

किती सुंदर दिसत होती ती तेव्हा! इतकी खूश मी तिला बाबा गेल्यानंतर पाहिली नव्हती. पण हे काय आहे ते मला कळलं होतं.

घरी आल्यावर तिला बाजेवर आडवं केलं. डोळे मिट म्हटलं, कापूस लावते, लागला की सांग. अंगठ्याला लावला. टाचेला लावला. सगळ्या तळव्यावरून फिरवला. शेवटी झाडूची काडी टेकवली.

"लाव की," आई म्हणाली. "किती येळ?"

मी काडी हातात धरून तशीच बसून राहिले. शुगरने पायाच्या नसा मेल्या होत्या. ते मी तिला समजावून सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "असंल," ती म्हणाली, "पर मारुतीनं बी काई तरी केलंच असंल." यावर भांडायचं तरी कसं?

हिवाळ्यात तूर काढून झाली. आई शेतात राहिलेल्या शेंगा वेचायला गेली आणि तुरीच्या धसकटांमधून चालत घरी आली. कापल्यावर जमिनीत उरलेले ते बुडखे खिळ्यासारखे टोकदार असतात. मी केंद्रातून परतले तर सारवलेल्या अंगणात फाटकापासून दारापर्यंत लाल ठिपके. क्षणभर वाटलं, कुंकू सांडलंय. आत आई चुलीपुढे भाकरी थापत बसली होती, आणि धसकटाचा तुकडा तिच्या तळव्यात तसाच होता.

परभणीच्या डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली. हाडापर्यंत गेलं तर अंगठा काढावा लागेल, वेळ आली तर पाऊलही, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पायावर भार नको, साखर ताब्यात हवी आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही.

"चप्पल सोडून काय बी सांगा," आई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग नवसाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पट्टी तरी जाड बांधू द्याल ना, मावशी?"

"पट्टीला माझी ना न्हाई. पट्टी म्हंजे चप्पल न्हवं."

तेव्हापासून आमचं हे पाय धुणं सुरू झालं. बांगड्या काढून ठेवायच्या, हात साबणाने धुवायचे, श्वास रोखून पट्टी सोडायची आणि आधी वास घ्यायचा, मग रंग बघायचा. पट्टी सोडताना मला फार भीती वाटायची. आईचे ओट्यावर उभे राहणारे, पाटावर दुमडून बसणारे, लहानपणी मला पाळण्यासारखे झोके देणारे पाय. त्यातला एक गेला तर? सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन टोचायचं. लाईट गेली की औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत, छोट्या मडक्यात ठेवायची. संक्रांतीला आईने तिळगूळ हातात घेतला, नुसता वास घेतला आणि माझ्या तोंडात घातला.

जखमेत हळूहळू नवं, लालसर मांस धरू लागलं. शिमग्याच्या सुमारास ती पूर्ण भरून आली. डॉक्टर म्हणाले, सुटलात. मी रिक्षात बसल्यावर आईच्या पदरात तोंड घालून रडले.

पण पट्टी सुटली की आई पुन्हा अनवाणी चालणार, हे उघड होतं. म्हणून मी खोटं बोलले. आतून अजून थोडी कसर आहे, पट्टी लागणारच, आणि दुसऱ्या पायावर भार येतो म्हणून त्यालाही बांधायची, म्हणाले. आणि शुगरवाल्यांच्या चपलांना लावतात त्या मऊ रबराचे दोन तुकडे आणले, तिच्या पावलांच्या मापाने कापले आणि पट्ट्यांच्या वेढ्यांमध्ये तळव्यांखाली बसवले. देवाला फसवते आहे हे मला कळत होतं. मारुतीला काय वाटायचं ते वाटो. त्याने वेळेवर पर्मनंटची ऑर्डर काढली असती तर माझ्यावर ही पाळी आली नसती.

मग लिंब फुलला. पाय धुताना त्याचा मोहर घमेल्यात पडायचा आणि बारीक पांढरी फुलं आईच्या बोटांभोवती फिरत राहायची. वारा कडूगोड वासाचा. कुठेतरी दूर ट्रॅक्टर चालू असायचा, तो ऐकता ऐकता ऐकू येईनासा व्हायचा. अशाच एका उतरत्या दुपारी मी केंद्रातून नवी ऑर्डर घेऊन आले.

"आली?" आईने डोळे न उघडता विचारलं.

"आली. कंत्राटीच."

मी पाय पाण्यातून काढला, मांडीवर घेतला, बेचक्या एकेक करून पुसल्या. तळव्यावर जखमेच्या जागी गुळगुळीत, फिकट वण होता.

"बांध मंग," आई म्हणाली. "रबर नीट बसीव. काल तिरकं बसलं व्हतं."

माझा हात जागीच राहिला.

"पट्ट्या कोण धुतंय? मीच की," ती तशीच डोळे मिटून बोलत होती. "न् जखम बरी झाल्याबिगर तू बांगड्या घातल्या नसत्यास."

"मग मारुतीला काय सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणलं, पोरगी बांधती, मी बगत न्हाई. तू बी बगू नगंस."

मला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरून आले. माझ्या एका नोकरीसाठी हे पाऊल जाता जाता राहिलं होतं, आणि ती नोकरी अजूनही माझी नव्हती. मी ते पाऊल दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि तसंच धरून बसले. वरून फुलं पडत होती. किती वेळ गेला कळलं नाही.

"रडू नगंस," आई म्हणाली.

मी दचकून वर पाहिलं. तिचे डोळे मिटलेलेच होते. माझे अश्रू तर तिच्या तळव्यावर पडले होते. "माय, कळलं तुला? पायाला कळलं?"

"पायाला न्हाई कळलं," ती म्हणाली. "बांगड्या वाजायच्या थांबल्या, तवा कळलं."

मी डोळे पुसले, रबर सरळ बसवलं आणि पट्टी गुंडाळायला घेतली. बांगड्या पुन्हा वाजू लागल्या.