लग्नातलं कुलूप

आबाजींचं नांदुऱ्याचं घर आम्ही ज्यांना विकलं, त्यांनाच आत कोंडून आम्ही बुलढाण्याला निघालो.

कोंडलं मी. (घरात दुसरं कोणी असं काम करूच शकत नाही, हे बायकोचं मत.) पण त्या दिवशी मी इतका दमलो होतो, की कोणी माझं नाव विचारलं असतं तरी आठवायला वेळ लागला असता! आबाजींना, म्हणजे माझ्या आजोबांना, आमच्या फ्लॅटवर यायला तयार करता करताच माझे केस पिकले. आजी गेल्यापासून एकटेच राहायचे, न्हाणीत घसरून पडले, तरी आपलं "मले काय धाड भरली?" चालूच. शेवटी शेजारचे गादीवाले हमीदभाई म्हणाले, "आबाजी, घर मले द्या ना. परक्याले काऊन देता?" तेव्हा कुठं म्हातारा हलला.

सामान भरता भरता माझी कंबर गेली.

"आबाजी, हा पाटा फ्लॅटमध्ये काय करायचा?"

"तुह्या मिक्सरची चटणी तू खाय!"

पाटा गाडीत गेला. मीच उचलला.

निघताना आबाजींनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "येतो बरं." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. 'जातो' म्हणायचं नसतं हे खरं, पण विकलेल्या घराला 'येतो'? मला भरून आलं. डोळे पुसत मी सवयीनं दार ओढलं, कुलूप घातलं, त्याला लोंबकळून पाहिलं (त्याशिवाय आमच्याकडे घर बंद झालं असं मानतच नाहीत) आणि किल्ली खिशात टाकली.

"मांगं पाहू नको, चाल," आबाजी म्हणाले.

हमीदभाई तेव्हा मागच्या खोलीत कपाट मावतं का ते मोजत होते!

वाटेत मोताळ्याच्या अलीकडे फोन वाजला. हमीदभाई! म्हटलं, त्यांनाही गहिवरून आलं असेल. आबाजी आत्ताच कुठं शांत झालेले, म्हणून मी फोन कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. "किती जीव आहे बघ त्यांचा," मी बायकोला म्हणालो. शेवटी तिनंच उचलला.

"वहिनी, भाऊले म्हना कुलूप काढा! मी आत आहो!"

मी गाडी कडेला घेतली. मग मी म्हणालो, "फोडा म्हणावं कुलूप."

"काऊन फोडा?" मागून आबाजी कडाडले. "माह्या लग्नातलं कुलूप हाय ते! फिरव गाडी!"

मी गाडी फिरवली. इतक्या मिनतवाऱ्या करून बाहेर काढलेला माणूस मी स्वतःच परत नेत होतो. एकदा का हे आत जाऊन टेकले, की क्रेन आणली तरी उठायचे नाहीत!

गल्लीत जत्रा भरलेली. हमीदभाई खिडकीच्या गजांतून चहा पीत होते आणि त्यांची बायको बाहेरून बशी धरून उभी होती. आबाजींना पाहून ते म्हणाले, "या या आबाजी, बसा! पन पयले कुलूप काढा."

गर्दीतून कोणी तरी ओरडलं, "आबाजी 'येतो' म्हणून गेलते, आले बी!"

मी पुढे झालो, तर आबाजींनी किल्ली माझ्या हातून काढून घेतली. स्वतः कुलूप उघडलं. आत मात्र पाऊल टाकलं नाही. हमीदभाई बाहेर आले, तशी आबाजींनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यावर आपला हात बराच वेळ तसाच राहू दिला.

"ह्या पोरानं मघाशी देऊच देली नाही," ते म्हणाले. मघाशी त्यांच्याच्यानं देववलीही नसती. आम्ही सगळे रडलो, कोंडलेला माणूस सगळ्यात जास्त!

"आबाजी, कुलूप तरी घेऊन जा. लग्नातलं हाय म्हंता."

"राहू द्या तुमच्यापाशीच. ह्याच्या हाती कुलूप नको."

मग ते वळले. "येतो बरं."

"हाव, या," हमीदभाई म्हणाले.

आता आबाजी फ्लॅटवर असतात. पाट्यावरची चटणी आम्हीच खातो. पण सकाळी ऑफिसला निघताना मी नुसता चपलेत पाय घातला, तरी सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा आवाज येतो, "मी आत आहो, बे!"