महालक्ष्म्यांच्या आधीच्या बेचाळीस गोळ्या

महालक्ष्म्यांचे दिवस जवळ आले की ते प्रकरण आठवते, आणि निवृत्त झालो तरी चीड तेवढीच येते.

दक्षिण नागपुरातल्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दुपारी एका खासगी दवाखान्यातून खबर आली. मनीषनगरची एकोणतीस वर्षांची सून पंगतीत वाढता वाढता कोसळली होती. तिला श्वास घेता येत नव्हता. स्टेशन डायरीत नोंद होते न होते तोच रामटेकहून जेवणाला आलेला तिचा भाऊ ठाण्यात आला.

"माझ्या बहिणीले सासूनं जहर देलं साहेब. लिहून घ्या."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तपासण्या सुरू आहेत. पण तिने काय घेतलं ते आधी कळू द्या. चुकीच्या दिशेने गेलो तर हातची जाईल."

घरी पोहोचलो. नवरा म्हणाला, "घरात काय चालते मले माहीत नाही. बायकांच्या गोष्टीत मी पडत नाही." धुण्याभांड्याच्या बाईने मात्र आमच्या महिला हवालदाराला बाजूला नेऊन सांगितले, "म्हातारी रोज तीनदा सुनेले गोळी द्यायची. समोर उभी राहून."

सासूला विचारले. तिने पदर तोंडाला लावला. वीस मिनिटे मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होतो आणि तिकडे एक जीव ऑक्सिजनवर होता. शेवटी हवालदारबाईंनी मला खोलीबाहेर काढले. मी दाराआडून ऐकत राहिलो.

"मावशी, काहून लपवून राहिल्या? सून जाईल न."

"साहेबासमोर कसं सांगू वं? पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आहेत त्या. महालक्ष्म्यांत शिवाशिव नको म्हणून."

"किती दिल्या?"

"तीन-चार दिवसाच्या."

मी गोळ्यांचा डबा मागवला. दहा गोळ्यांच्या चार पट्ट्या रिकाम्या, पाचवीतल्या दोन गेलेल्या. बेचाळीस. रोज तीन म्हणजे चौदा दिवस. सणाचे धान्य निवडायला बसल्यापासून हे सुरू होते. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. औषध दुकानदाराने नुसते नाव ऐकून पट्ट्या दिल्या होत्या.

पट्टी घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "हे कृत्रिम हार्मोन आहे. अतिरक्तस्रावाला, पाळी नियमित करायला आम्हीच लिहून देतो. मळमळ, डोकेदुखी होते, बहुतेकींचं तेवढ्यावर भागतं. पण आधी गुठळी झालेल्या बाईला ते द्यायचं नसतं. हिला झाली होती का?"

भाऊ शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली.

"बाळंतपणात झाली होती. डाव्या पायात. आमच्याकडंच होती तवा."

"सासरी सांगितलं?" मी विचारले.

"कायले सांगायचं साहेब? बिमार पोरगी गळ्यात मारली म्हणतील."

तक्रारदार हा. जहर जहर ओरडत आलेला. सासूला गोळ्या माहीत, गुठळी नाही. भावाला गुठळी माहीत, गोळ्या नाहीत. नवऱ्याला दोन्ही नाही. पायातली गुठळी सरकून फुप्फुसात अडकली होती. उपचार लगेच बदलले.

ती वाचली. आठव्या दिवशी जबाब दिला, "पोटरी दोन दिवस दुखत होती. बोलले असते तर जुनं सगळं निघालं असतं." भावाने तक्रार मागे घेतली. दुकानदाराविरुद्धचा अहवाल मी औषध निरीक्षकाकडे पाठवला.

गुन्हेगाराकडून खरे काढणे मला जमत असे. तो शिक्षेला भितो, म्हणून लपवतो. घरातली भली माणसे नुसत्या संकोचाने लपवतात, आणि त्यांच्यापुढे माझे काही चालत नाही.

जबाब घेतला त्या दिवशी घरी येऊन जेवताना बायकोला सगळे सांगितले आणि सहज विचारले, "आपल्याकडे नाही ना कोणी असल्या गोळ्या घेत?"

तिने ताटात भाजी वाढली.

"बावीस वर्षं घेतल्या. तुम्ही आज विचारलं."