ऑफरची वेगळी चूल

आमच्या मेलवाल्यांइतका रागीट माणूस घाटकोपरला पूर्वेतही नसेल आणि पश्चिमेतही. आमची रक्त-लघवीपासून गाठीच्या तुकड्यापर्यंत सगळं तपासणारी लॅब. रुग्णांचे रिपोर्ट ईमेलने जात आणि त्या मेलचा सर्व्हर हे मेलवाले सांभाळत. स्वतः मात्र कुणाला मेल करत नसत. काही चुकलं की दोन जिने चढून येत आणि तोंडावर सांगत. मेलमधून राग पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा स्वतःचं नावच पासवर्ड म्हणून ठेवलं, तेव्हा अख्ख्या मजल्याचा चहा थंड झाला. सर्व्हरलाही मालवणीत शिव्या देत. तो निमूट चालत राही.

मालकांना सवलतींची जाहिरात मेलने करायची होती. ती रिपोर्टच्या पत्त्यावरून गेली तर लोक स्पॅम म्हणून टाकतील आणि मागोमाग रिपोर्टही तिथेच पडतील, हे यांनी उभ्या-उभ्या सुनावलं. मग जाहिरातींसाठी सबडोमेन, म्हणजे मेलचा वेगळा उपपत्ता, काढलं: कंपनीच्या नावाआधी ‘ऑफर’ आणि एक टिंब. “ही वेगळी चूल,” मला म्हणाले. “तिथे काय करपवायचं ते करपवा. माझ्या रिपोर्टांना वास लागता नये.”

आणि गणपतीला गावी गेले. मालकांना ते नाव हलकं वाटलं. त्यांनी सगळी जाहिरात मुख्य पत्त्यावरूनच सोडायला लावली.

हे परतले त्या सकाळी मानखुर्दच्या एक बाई काउंटरवर होत्या. गाठीचा रिपोर्ट आला नाही, म्हणजे काही नसेल, असं समजून त्या घरीच थांबल्या होत्या. रिपोर्ट स्पॅममध्ये होता. गाठ कॅन्सरची होती. यांनी त्यांना खुर्ची दिली, डॉक्टरांकडून त्याच दिवसाची वेळ भांडून घेतली, आणि मग संध्याकाळपर्यंत एकेका रुग्णाला फोनवर ओरडत राहिले. “आजी, तुमच्यावर नाय रागावलो. आधी स्पॅम उघडा.”

शेवटी ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. आम्ही कान देऊन बसलो. आवाज आला नाही. बाहेर येऊन त्यांनी मला सांगितलं, नोकरी सोडली.

“ओरडला नाहीत?”

“ज्याला ऐकू येतं त्याच्यावर ओरडायचं रे.”

बाईंचे उपचार सुरू झाले. उशीर झाला तो झालाच. जाहिराती आता ‘ऑफर’वरूनच जातात. नवे गृहस्थ फार नम्र मेल पाठवतात. परवा मी पुन्हा स्वतःचं नाव पासवर्ड म्हणून ठेवलं आणि बराच वेळ जिन्याकडे बघत बसलो. कुणी आलं नाही.