काटा मी बसवला होता

चिडूनच सांगतो, कारण शांतपणे सांगण्यासारखं यात काही नाही. आमच्या जुन्या गाडीच्या मीटरला निळ्या उजेडाच्या तबकड्या लावायची दुर्बुद्धी माझी. कुणी गळ घातली नव्हती.

बाबा वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. उभी नोकरी पॅनेलसमोर काढली त्यांनी, दर तासाला काटे बघायचे आणि रीडिंग वहीत उतरवायचं. मी तारापूरच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटवाला. प्रेशर गेज खोलायचा, तपासायचा, वर स्टिकर लावून सही ठोकायची. आमच्या सरावलीच्या घरात काट्याच्या शब्दाला वजन होतं. एकदा बाबा सहज म्हणाले, "दिवस कलला की त्या मीटरमधलं नीट दिसत नाही रे." झालं! मी लगेच ऑनलाइन त्या चमकत्या तबकड्या मागवल्या. पातळ प्लास्टिक, करंट दिला की अख्खं उजळतं.

रविवारी मीटर बाहेर काढला, जेवणाचे दोन चमचे लावून काटे अलगद उपसले, नवी तबकडी जुनीवर चिकटवली, वायर जोडली. मग काटे परत बसवले आणि तिथेच माती खाल्ली. आमच्या कंपनीतल्या गेजमध्ये दाब नसला की काटा शून्यावर. तो तसाच बसवायचा, हे हाताला पाठ झालेलं. या गाडीचा पेट्रोलचा काटा तसा नव्हता. गाडी बंद असली की तो रिकाम्या टाकीच्या रेघेच्याही बराच खाली पडून असायचा. मी गाडी बंद ठेवून त्याला बरोबर रेघेवर बसवला. म्हणजे टाकी कोरडी पडली तरी काटा पाव टाकी दाखवणार. उपसण्याआधी जुन्या जागेवर खूण करा, हे मी कंपनीत नव्या लोकांना ओरडून ओरडून सांगतो. घरी मात्र मी दीडशहाणा!

तबकड्या पेटल्या तेव्हा बाबा हसले. "अरे, पार विमान केलंस की!" मी आपला फुशारलो.

आठवड्याभरात ते आईला घेऊन मासवणला तिच्या मैत्रिणीकडे गेले. येताना भर दुपारी गाडी रस्त्यात बंद पडली. मे महिना, आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. बाबा बॉनेट उघडून बॅटरी बघतायत, वायरी हलवतायत. काटा पाव टाकी दाखवतोय म्हटल्यावर पेट्रोलचा संशय येणार कुणाला? इशाऱ्याचा दिवा त्या गाडीला नाहीच. शेवटी एक टेम्पोवाला थांबला. त्याने गाडी हलवून कानोसा घेतला आणि म्हणाला, "काका, पेट्रोल नाय हाय यात. काटा नाय बघितला काय तुमी?"

बाबांना! काटा बघितला नाही का, असं बाबांना विचारलं!

त्या बिचाऱ्याने दोन लिटर पेट्रोल आणून दिलं. घरी आल्यावर बाबांनी चावी टीव्हीजवळ ठेवली. "माझी नजर गेली. रिकामी टाकी मी पाव वाचली. आता बस झालं." मी चाचरत म्हटलं, "काटाच चुकला असेल." तर म्हणाले, "तू बसवलेला काटा चुकेल होय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची चावी फिरवली. दोन लिटरला काटा पाव टाकीच्याही पुढे. लख्ख कळलं. आणि मी गप्प बसलो. रोज सह्या ठोकणारा माणूस, तोंड उघडायला लाज वाटली मला. थू त्या लाजेवर!

पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची किंचित सुरुवात आहे म्हणून सांगितलं, गाडी चालवायला हरकत नाही असंही सांगितलं. पण सगळ्यांना ऐकू आला तो फक्त मोतीबिंदू. बायको म्हणाली, "अहो, बरं झालं, वेळेवर कळलं." तिच्यावर उगाच खेकसलो. इकडे बाबा जिने कठडा धरून उतरायला लागले. पेपरची घडी मोडेनात. आई गुडघ्याच्या व्यायामाला रिक्षाने जायला लागली आणि बाबा तिला दारातूनच म्हणायचे, "सांभाळून जा."

मग एका सकाळी त्यांनी गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे धरली. "बघ रे, सकाळची हीच ना?"

माझा तोल गेला. "वाचा तुम्ही! दिसतंय तुम्हाला! काटा मी चुकीचा बसवला होता!"

त्यांनी पट्टी खाली घेतली. "कधी कळलं तुला?"

"दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे बारा दिवस." त्यांचा आवाज चढला. इतका चढलेला मी लहानपणीही ऐकला नव्हता. "बारा दिवस मला आंधळा होऊ दिलास! मी एक रीडिंग दाबलं असतं तर वरिष्ठांनी घरी बसवलं असतं मला. चुकलास, त्याचं मला काही नाही. दाबून ठेवलंस तू!"

मग ती पट्टी डोळ्यांपुढे धरून त्यांनी मोठमोठ्याने वाचली. नाव, मात्रा, बॅच नंबर, मुदत, पार कडेची बारीक अक्षरंसुद्धा. एकही चुकलं नाही. वाचून झाल्यावर टीव्हीजवळची चावी उचलून खिशात टाकली.

त्याच दिवशी मी मीटर पुन्हा खोलला. चमकती तबकडी फाडून फेकली, टाकी भरून काटा तपासला, कमी करून तपासला. आता तो बिनचूक आहे, मी कुठेही सही देईन.

बाबा गाडी चालवतात. आईला व्यायामाला तेच नेतात. पण पेट्रोल भरलं की खिशातली छोटी वही काढून किलोमीटर लिहितात आणि त्यावरून टाकीत किती उरलं ते काढतात. परवा मी शेजारी बसलो होतो. म्हटलं, "बाबा, काटा बरोबर आहे आता."

"असेल," ते म्हणाले, आणि वहीत आकडा लिहिला.