कूष्मांडेच्या चेहऱ्यावरचा कवडसा

चमत्कार म्हटलं की मी आधी वायर शोधते. त्यामुळे काष्टीच्या पुढे एका वस्तीवर, नवरात्राच्या चौथ्या माळेला, सकाळचं ऊन कूष्मांडा देवीच्या चेहऱ्यावर पडतं आणि देवी हसते, यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आई मात्र अडून बसली. मोतीबिंदूचं ऑपरेशन ती वर्षभर टाळत होती. म्हणाली, “ते हसू दिसलं तर ऑपरेशन, नाहीतर राहू दे.” म्हणून निघालो.

पुण्याहून पहाटे चारला निघालात तर दौंडमार्गे उजाडेपर्यंत काष्टी येतं. पुढचा रस्ता खड्ड्यांचा आहे. देवीला कोहळा वाहतात. देवळापाशी ऐंशी रुपये सांगतात, तेव्हा वाटेतच घ्या. पार्किंग फुकट. फुकट म्हटल्यावर माझी शंका आणखी बळावली.

“हिनं नुसतं हसून जग केलं. सूर्यात ऱ्हाती ही,” गुरव सांगत होते. साडेसातला झरोक्यातून कवडसा आला आणि देवीचा चेहरा उजळला. आईनं हात जोडले. मी दिशा पाहिली. सूर्य पूर्वेला, नव्या सभामंडपाच्या मागे, आणि कवडसा उत्तरेकडून! कुठेतरी पाणी मुरत होतं.

आईला खांबाशी बसवून मी देवळाच्या बाजूला गेले. तिथे गुरवांची बायको कपाटाचा भलामोठा आरसा छातीशी धरून उन्हात उभी.

“हे काय चाललंय?”

“मंडप झाला आन् ऊन अडलं, ताई. आदी आपसूक पडायचं. लोकं लई लांबून येत्यात, त्यांना तसंच लावून द्यायचं व्हय?”

“मग सांगत का नाही?”

“कुनी इचारलंच न्हाई.”

मला भयंकर राग आला. परतताना दौंडला मिसळ चांगली मिळाली, पण मी अर्धीच खाल्ली. आईला सांगावं तर ऑपरेशन बोंबललं. न सांगावं तर मीही त्यांच्यातलीच.

घरी आल्यावर चहा घेता घेता आई म्हणाली, “डॉक्टरांची तारीख घे.”

मला राहवेना. “आई, तो आरसा होता.”

“माहितीये. ऊन कधी थरथरतं का? धरणाऱ्याचे हात भरून आले असतील.”

“मग हसू?”

“हसूबिसू काही दिसलं नाही गं. पण ती थरथर दिसली. एवढं बारीक दिसतंय, तर हे डोळे टाकून द्यायचे नाहीत. घे तारीख.”