टॉवेलमध्ये राहिलेला बोल्ट

लोकांच्या अंगणात झोपाळे आणि घसरगुंड्या उभ्या करून देणं हा ज्याचा धंदा, त्याच्या स्वतःच्या अंगणात काय होतं? कपडे वाळत घालायची दोरी. तीही सैल. फिटरची बायको हे येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायची, फिटरही हसून घ्यायचा. पण त्यांच्या भिंगरीला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. पोरगी सात वर्षांची झाली होती आणि तीन वर्षं "पुढच्या सुट्टीत नक्की" याच उत्तरावर तिची बोळवण होत होती.

माणूस तसा कामाला चोख. खोका फोडला की सगळे नटबोल्ट एका पांढऱ्या टॉवेलवर मांडायचे आणि टॉवेल रिकामा झाला की काम संपलं, अशी त्याची पद्धत. शेवटी स्वतः झोपाळ्यावर बसून चार झोके घ्यायचा. एवढा दांडगा बाप्या पाय वर करून झुलतोय हे पाहून त्या घरची पोरं खिदळायची. "माझे बाबा बसले म्हणजे पक्कं," असं भिंगरी शाळेत सगळ्यांना सांगत असे.

आणि याच चोख माणसाने चार वर्षांपूर्वी एक घोळ करून ठेवला होता. त्या दिवशी दोन घरं उरकायची होती. दुसऱ्या घरून फोनवर फोन येत होते. त्याने टॉवेल गोळा करून पिशवीत कोंबला, घाईघाईत दोन झोके घेतले आणि निघाला. घरी येऊन टॉवेल झटकला तर फरशीवर खणकन बोल्ट पडला. झोपाळा ज्या पट्टीला लटकतो, तिचा. पट्टीला दोन लागतात, म्हणजे तिकडे एकच बसला होता. 'एकावरही धरतं,' तो मनाशी म्हणाला, 'उद्या जाऊन बसवू.' उद्या दुसरं काम निघालं. आठवड्याने जावं तर इतके दिवस कुठे होतास, हा प्रश्न आलाच असता. महिन्याने तर जायला तोंडच उरलं नाही.

बोल्ट एका डबीत गेला आणि डबी हत्यारांच्या पेटीत. रोज पेटी उघडली की डबी समोर, आणि रोज त्याला स्वतःची लाज वाटायची. घरी झोपाळ्याचं नाव निघालं की तो विषय बदलायचा. दुसऱ्याच्या पोरांना एका बोल्टावर सोडून आलेल्याने आपल्या पोरीला झोके द्यायचे कुठल्या तोंडाने?

एका सकाळी बायकोने फोनवरची जाहिरात त्याच्यापुढे धरली. "एका आजोबांना झोपाळा काढून टाकायचाय, घसरगुंडीसकट. अगदी नावापुरती किंमत. आता नाही म्हणालात ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

त्याने पत्ता दोनदा वाचला. तेच घर. पण चहा संपेपर्यंत त्याच्या डोक्यात एक सोयीचा विचार आला. हाच झोपाळा विकत घ्यायचा, खोलून घरी आणायचा, गुपचूप बोल्ट बसवायचा. प्रकरण मिटलं, पोरगीही खूश. त्याने डबी खिशात टाकली आणि भिंगरीला स्कूटरवर घेऊन निघाला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला हलकं वाटत होतं.

आजोबांनी दोघांना मागच्या अंगणात नेलं. त्यांनी फिटरला ओळखलं नाही. झोपाळा बसवला तेव्हा घरी फक्त मुलगा-सून होती. झोपाळ्याचा रंग विटला होता आणि त्याची बसायची पाटी सुतळीने खांबाला बांधून टाकलेली होती.

"चांगला तर आहे," काहीतरी बोलायला हवं म्हणून फिटर म्हणाला, "का काढताय?"

"नात पडली ह्यावरून. बसवल्यावर महिन्याभरातच. हात मोडला." आजोबा खाली बघत म्हणाले. "झोका मीच देत होतो. ती म्हणाली, आजोबा, जोरात. मला मेल्याला हौस, दिला जोरात. घरात मला कुणी एका शब्दाने बोललं नाही हो. पण तेव्हापासून मीच तिला जवळ घेत नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा तिचा हात आईच्या हातात देतो."

फिटरने वर पाहिलं. पट्टी तिरकी झाली होती. तिच्या एका टोकाचं भोक रिकामं होतं. इतक्या वर्षांत कुणी वर पाहिलंच नव्हतं.

महिन्याभरातच. म्हणजे आठवड्याने जरी आलो असतो, तरी...

"घेतो मी," तो म्हणाला.

तेवढ्यात भिंगरीने सुतळी सोडवली होती आणि ती पाटीवर चढत होती.

"उतर! आधी उतर!" तो ओरडला. पोरगी दचकून खाली उतरली.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

गंजलाय म्हटलं असतं तरी चाललं असतं. थाप अगदी जिभेवर आली होती. पण आजोबा दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे होते, आणि त्या हातांकडे बघून फिटरला ती थाप मारवेना. त्याने डबी उघडली.

"आजोबा, तुमचा झोका बेताचाच होता. हा झोपाळा मी बसवलाय. ह्यातला हा बोल्ट माझ्याकडे राहिला होता."

आजोबांनी बोल्ट हातात घेतला. मान वर करून भोक पाहिलं. पुन्हा बोल्ट पाहिला.

"कधी कळलं तुला?"

"त्याच संध्याकाळी."

"आणि आला नाहीस."

"नाही आलो."

म्हाताऱ्याने बोल्ट मुठीत आवळला. "शाळेतून आली की धावत माझ्याकडे यायची ती. आता नाही येत. आता मोठी झाली." त्यांनी बोल्ट त्याच्या हातात ठेवला. "हा विकायचा नाही. बसव आणि जा."

फिटरने टॉवेल पसरला, पट्टी सरळ केली, बोल्ट आवळला. मग सवयीने पाटीवर बसून चार झोके घेतले. कुणी हसलं नाही.

परतताना भिंगरी स्कूटरवर पुढे उभी होती. झोपाळ्याचं नावसुद्धा काढलं नाही तिने. गल्लीच्या वळणावर हळूच म्हणाली, "बाबा, मी शाळेत सांगते ना, तुम्ही बसलात म्हणजे पक्कं. ते सांगू ना अजून?"

त्याने स्कूटर बाजूला घेतली.

"इतक्यात नको," तो म्हणाला.