दोन चौकटींमधली रेघ

शिरीनचं लग्न ठरलं तेव्हा खुटबावातल्या बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. नवरा फारसा शिकलेला नाही, पैसेवाला नाही आणि वर ठार बहिरा. पण तिचे वडील अयुबभाई शिरूरला जाऊन मुलाचं शिवणकामाचं दुकान बघून आले होते. त्यानं शिवलेल्या सदऱ्याची काजं त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली होती. घरी येऊन ते म्हणाले, "ज्याचं काज असं सरळ हाय, त्यो माणूस वाकडा न्हाई निघायचा." शहाण्णव सालची ही गोष्ट. अयुबभाईंचा अंदाज चुकला नाही, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

अफताबला सुपारीचं व्यसन नव्हतं, विडीचं नव्हतं. होतं ते चित्रकथांचं. दुकानाला लागूनच रद्दीवाला होता. त्याच्याकडून तो फाटक्या-तुटक्या चित्रकथा किलोवर घ्यायचा, त्यांची पाठ शिवायचा आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मांडी घालून वाचत बसायचा. शिरीनला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दाढीमिशा फुटलेला बाप्या आणि पोरासोरांची चित्रं बघतो! कुणी पाहुणा यायचा झाला की ती आधी सगळा गठ्ठा गादीखाली सारायची.

त्याला हे कळलं. कळायला कानच लागतात असं कुठं आहे? एका दुपारी त्यानं तिला शेजारी बसवलं आणि कापड बेतायच्या खाकी कागदावर पेन्सिलीनं लिहिलं, "घरात चार लोक बोलतात. एकाकडे बघतो, तोवर दुसऱ्याचं जातं. इथं जात नाही." मग त्यानं एका चित्रावर बोट ठेवलं. माणसाच्या डोक्यावर बोलण्याचा फुगा होता आणि फुग्याची शेपटी त्याच्या तोंडाकडे वळलेली होती. कोण बोलतंय, काय बोलतंय, सगळं समोर. आणि आपण पान उलटेपर्यंत कुणी पुढं जात नव्हतं, कुणी कपाळाला आठ्या घालत नव्हतं.

एका पानावर दार आपटल्याचं चित्र होतं आणि मोठ्या अक्षरांत 'धाड्' लिहिलं होतं. त्यानं आपल्या दाराकडे बोट करून विचारलं, हे पण? शिरीननं उठून दार आपटलं आणि मान हलवली. मग त्यानं मशीनकडे बोट केलं. तिनं कागदावर लिहिलं, 'खडखडखड'. अफताब त्या अक्षरांकडे कितीतरी वेळ बघत राहिला. आठ वर्षं तो त्या मशीनवर बसत होता. शिरीनला त्या दिवशी त्याची जी माया आली, तेवढी लग्नाच्या दिवशीसुद्धा आली नव्हती.

मग दोघांचा एक खेळच होऊन बसला. खाकी कागदावर एक चौकट तो काढायचा, पुढची तिच्यासाठी रिकामी सोडायचा. बाजारात काय घडलं, कुणाचं गिऱ्हाईक भांडून गेलं, भाजीत मीठ कसं जास्त झालं, सगळं चौकटींत. शिरीननं काढलेली कोंबडी चपलेसारखी दिसायची, तरी तो कौतुकानं मान डोलवायचा. भांडणंसुद्धा तिथंच व्हायची. तो रुसला की तिच्या तोंडावरचा फुगा काळा करून टाकायचा. ती रुसली की चौकट तशीच रिकामी ठेवायची, आणि तो बिचारा दर तासाला येऊन कागद बघून जायचा.

वाचून झालेल्या चित्रकथा तो खुटबावला पाठवून द्यायचा, शिरीनच्या भावाच्या लेकीला, तहमीनाला. न्हावरेमार्गे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे गठ्ठा दिला की तो फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर पोचता व्हायचा. शिरीन माहेरी असली की गठ्ठा आधी तिचा. सात वर्षांच्या भाचीशी ती त्यावरून चक्क भांडायची.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात शिरीनला सहावा महिना होता. सकाळी न्हाणीत तिचा पाय घसरला. भिंतीपलीकडे, पाच हातांवर अफताब मशीनवर बसला होता, तिच्याकडे पाठ करून. ती हाका मारत राहिली. अफताब, अफताब. पलीकडे मशीन चालत राहिलं. पाणी प्यायला तो उठला, तेव्हा त्यानं तिला पाहिलं.

बाळ गेलं. लवकर आणलं असतं तरी वाचलंच असतं असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. दवाखान्याच्या खाटेवरून शिरीननं नवऱ्याकडे पाहिलं आणि एकेक अक्षर ओठांवर नीट दिसेल असं मोकळं करून ती म्हणाली, "मी हाका मारत होते." त्याला ऐकू जावं म्हणून ती एवढी जपून कधीच बोलली नव्हती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

थोरल्या भावानं तिला माहेरी आणलं. मागोमाग अफताब आला, तेव्हा भावानं उंबऱ्याकडे बोट दाखवून हातानंच बजावलं, पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही. शिरीन आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही.

तरी तहमीनाचा गठ्ठा यायचा तसा येत राहिला. शिरीन आता त्याला शिवत नव्हती. त्या चित्रांतल्या बाया हाका मारायच्या आणि कुणी ना कुणी धावत यायचंच. तिला ते बघवत नव्हतं.

दोन महिन्यांत तिचा राग विरला. रागाखाली नुसतं दुःख होतं, आणि त्या दुःखाचा वाटेकरी जगात एकच होता. तिला परत जायचं होतं. पण बोलून बसली होती, आता पाऊल त्यानं उचलावं एवढीच तिची आस होती. त्यानं एक ओळ लिहावी, की ती पिशवी भरून निघालीच. पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं पीठ तसंच ठेवून ती दारात यायची. ओळ आली नाही. भाभी म्हणायची, "त्येला गरज न्हाई, तुलाच कशाला?" शिरीन पुन्हा पिठात हात घालायची.

उन्हाळ्यात त्याचे मामा चार जाणती माणसं घेऊन आले. तो गप्प, ही गप्प. वडीलधाऱ्यांनी ते गप्प बसणंच उत्तर समजून तलाक उरकून दोघांना मोकळं केलं. उठताना अफताबनं तिच्याकडे एकदा बघितलं. तिला वाटलं, हा आता तरी काही म्हणेल. त्यालाही तसंच वाटत असावं. पुढच्या वर्षी त्याचं दुसरं लग्न झाल्याचं कानावर आलं.

दोन हजार एकच्या मे महिन्यात तहमीना ओट्यावर जुना गठ्ठा उपसून बसली होती. शिरीन शेजारी गहू निवडत होती.

"फुपी, ह्यातली बाई तुझ्यासारखीच दिसती बघ. कवाधरनं सांगीन म्हणत हुते."

शिरीननं सहज मान वळवली. ती छापील चित्रकथा नव्हतीच. वही होती, चित्रकथेच्या मापाची कापलेली, जुनं रंगीत वेष्टन लावून पाठ शिवलेली. टाका तिनं लगेच ओळखला.

पहिल्या पानावर दोन चौकटी होत्या. डावीकडं न्हाणी आणि खाली पडलेली ती. उजवीकडं पाठमोरा तो. मध्ये एक रेघ. तिच्या फुग्यात लिहिलं होतं 'अफताब', आणि तो फुगा त्या रेघेवर आपटून चेपला होता. त्याच्या चौकटीत नुसतं 'खडखडखड'. त्यानं ते ऐकलं नव्हतं, पण एका पानावर दोन्ही खोल्या एकदम मांडून त्यानं ते पाहिलं होतं. पुन्हा पुन्हा पाहिलं असणार. दुसऱ्या पानावर त्याच दोन खोल्या होत्या, फक्त मधली रेघ खोडली होती. खोडरबरानं कागद पार विरला होता. तिसऱ्या पानावर शिरूरचा स्टँड, बाकावर तो, आणि एकामागून एक आलेल्या गाड्या. खाली लिहिलं होतं, "भाऊ फाडेल म्हणून यात घातलं. तू आधी उघडतेस. पुढची चौकट तुझी. कंडक्टरकडे दे. नाही आली तर मी समजेन."

पुढच्या चौकटीत बाकावर त्याच्या शेजारी एक बाई बसली होती, हिरव्या खडूनं रंगवलेली. वर सूर्य होता.

"ती गोष्ट अर्धीच हुती," तहमीना म्हणाली. "मग मीच पुरी केली."

घरभर ही वही दोन वर्षं लोळत होती. चुलीपाशी, गादीवर, एकदा तर शिरीननं स्वतः झाडताना उचलून फळीवर ठेवली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण ती म्हण इथं म्हणायला जीभ धजत नाही. दोष तरी कुणाला द्यायचा? शिरीननं वही छातीशी धरली आणि आई गेली तेव्हा रडली नव्हती एवढी रडली. अयुबभाई धावत आले. त्यांनी वही पाहिली, सगळी पानं पाहिली. "जा," ते म्हणाले. "निदान त्येला कळू दे, तू न्हाई म्हणली न्हवतीस."

दुसऱ्या दिवशी ती शिरूरला उतरली. दुकानासमोर बांगड्यांचं दुकान होतं, तिथं ती आडोशाला उभी राहिली. अफताब मशीनवर होता. केस कानाशी पिकले होते. मागं साडीची झोळी टांगली होती आणि झोळीपासून एक पांढरी नाडी त्याच्या डाव्या दंडापर्यंत येऊन बांधली होती. शिरीनला ती कशासाठी ते कळेना.

रस्ता ओलांडायला तिनं पाऊल उचललं तोच झोळी जराशी हलली. नाडी ताणली. मशीन जागच्या जागी थांबलं, आणि अफताब कापड टाकून झोळीवर वाकलासुद्धा. बाळ रडलं नव्हतं. त्यानं नुसती कूस बदलली होती.

शिरीन तिथूनच मागं फिरली. संध्याकाळी अयुबभाई फाट्यावर वाट बघत उभे होते.

"सांगितलंस का त्येला?"

"न्हाई, अब्बा," ती म्हणाली. "कामात हुता."